आवाज दोनशे बारा

सासऱ्यांच्या कानातल्या नव्या श्रवणयंत्राचा प्रोग्राम सुनेनेच लिहिला होता आणि त्याचा तिला भारी तोरा होता. "अण्णा, यात चूक निघाली तर नाव बदलीन," असं सांगून तिने ते त्यांना आठवडाभर वापरून बघायला दिलं.

चौथ्या दिवशी ती ऑफिसात तसंच दुसरं यंत्र टेबलावर जोडून तपासत बसली होती. चुका शोधायच्या डीबगर नावाच्या साधनाने प्रोग्राम मध्येच थांबवून 'आवाज' या व्हेरिएबलचा आकडा दाखवला. दोनशे बारा! मर्यादा होती साठ. दोनशे बारा म्हणजे कानाला इंजिनाचा भोंगाच बांधल्यासारखं.

तिने अण्णांच्या मोबाइलवर फोन लावला. उचलेनात. चार वेळा लावला, तरी नाही. "गेले वाटतं कान," म्हणत ती तशीच निघाली. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "दाढीला गेलेत."

सलूनमध्ये अण्णा तोंडभर फेस घेऊन, डोळे मिटून निवांत बसले होते. सुनेने मागून येऊन यंत्र ओढून काढलं. त्याच्याबरोबर बचकभर फेसही आला. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

"अण्णा, ऐकू येतंय का?"

"काय?" अण्णा म्हणाले.

ती मटकन बाकावर बसली. "बहिरे झाले हो!"

न्हावी शांतपणे म्हणाला, "ताई, यंत्र काढल्यावर त्यांना कधीच ऐकू येत नाही."

तेवढ्यात ऑफिसातल्या ज्येष्ठ इंजिनिअर मावशींचा फोन आला. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या कामात त्यांची हयात गेली होती.

"अगं, तुझं टेबल तसंच उघडं होतं म्हणून मी बघितलं. तो आकडा आवाजाचा नाहीच, बॅटरीचा आहे. प्रोग्राम वेगवान करताना कंपायलर चिपमधल्या एकाच कप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, आधी एक आकडा ठेवतो, त्याचं काम संपलं की दुसरा. कुठला आकडा कुठे आणि कुठवर आहे, याची नोंद त्याने डीबगरसाठी ठेवायची असते. ती इथे चुकली. भाडेकरू गेला, दारावरची पाटी मात्र तशीच. बाहेर पडणारा आवाज मी मोजला. बेचाळीस आहे."

सुनेच्या जिवात जीव आला. तिने फेस पुसून यंत्र अण्णांच्या कानात पुन्हा बसवलं.

"पण मग तुम्ही फोन का नाही उचललात?"

"ऐकला ना, चारही वेळा. अगदी स्वच्छ," अण्णा म्हणाले. "पण सकाळपासून 'यंत्र कसं चाललंय' म्हणून तुझे सहा फोन झाले होते. म्हटलं, आता जरा दाढी होऊ दे."