पुढे टेप खराब आहे

पास्कूकाकांना जपानी भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जपानी कार्टूनचं मराठी मात्र ते धडाधड करून सांगत.

होळी या आमच्या गावात, अगदी शेजारीच त्यांची केळीची वाडी. एकुलती लेक सिस्टर झाली आणि मठाने तिला थेट जपानला धाडलं, तिथल्या बालवाडीत शिकवायला. तिने टीव्हीवरून उतरवलेली लोककथांची कॅसेट पाठवली होती. व्हिडिओ प्लेअर दुबईच्या पुतण्याने आणून दिला. आपल्याकडच्या टीव्हीवर चित्र काळंपांढरंच दिसे. "जपानात रंग कमीच," काका ठासून सांगत.

संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली, की सगळा शेजार टीव्हीपुढे. रोझरी चुकवली त्याला जपान नाही, हा काकांचा कायदा. मी वाडवळांची, म्हणजे हिंदू, त्यात शाळेतली बाई. पण मलाही सूट नव्हती.

पडद्यावरचा म्हातारा बांबू तोडायला लागला, की काकांचं डोकं फिरे. "अरे, कोयता असा धरतात काय? बोटं जातील!" मग बांबूत अंगठ्याएवढी पोर सापडे. मारीकाकींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून काका त्यांना सगळं सांगत.

"मारी, पोर मोठी झाली बघ. नवा फ्रॉक शिवलाय."

"काका, तो किमोनो."

"तेच ते. बाह्या जरा सैल झाल्यात."

पोर चंद्राकडे बघून रडायला लागली, की काका बटण दाबत. "पुढे टेप खराब आहे."

"मग पोरीचं काय झालं?" काकी रोज विचारत.

"काय व्हायचंय? येते नाताळला घरी."

मला खोटं खपत नाही, हे अख्ख्या होळीला ठाऊक. जपानी गोष्टीत नाताळ कुठून आला, म्हणून मी रोज हुज्जत घालायची.

एकदा दुपारी काकी चर्चला गेल्या होत्या. मला कार्टून लावून देऊन काका केळी आणायला वाडीत गेले. बटण दाबायला कोणी नाही. टेप पुढे गेली, अगदी स्वच्छ. चंद्रावरून माणसं आली. त्यांनी पोरीच्या अंगावर पांढरा झगा घातला आणि तिला घेऊन गेली. म्हातारा-म्हातारी अंगणात रडत राहिली.

काका केळ्यांची फणी घेऊन दारात उभे होते.

"मारी नको म्हणत होती," ते म्हणाले. "मीच हो म्हटलं. देवाने मागितल्यावर नाही कसं म्हणू, बाय? आता सहा नाताळ झाले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रोझरी, पुन्हा बांबू. काकांनी बटण दाबलं.

"मग पोरीचं काय झालं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"काय व्हायचंय, काकी?" मी म्हटलं. "येते नाताळला घरी."

काकींचा चेहरा खुलला. "ऐकलंत ना? हे तर रोज काहीही सांगतात," त्या शेजाऱ्यांना म्हणाल्या. "पण बाई कधी खोटं बोलत नाहीत."