परबकाकांना वीज सोसत नाही

परबकाका आमच्या घरी येतात तेव्हा आधी त्यांचा रेडिओ आत येतो.

हाताच्या पंजात मावेल एवढा ट्रान्झिस्टर, मागचं झाकण केव्हाच हरवल्यामुळे रबरबँड लावून बांधलेला. त्यावर ते बातम्या ऐकत नाहीत की गाणी ऐकत नाहीत. काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे, जिथे काहीच लागत नाही तिथे आणून ठेवलेला असतो. मग तो रेडिओ आरतीच्या ताटासारखा पुढे धरून काका आमच्या हॉलभर फिरतात. फ्रिजपाशी तो गुरगुरतो, टीव्हीच्या मागे कावतो आणि माझ्या वायफायच्या अडॅप्टरजवळ नेला की असा काही करकरतो की माझी बायको हेमा स्वयंपाकघरातून दोन्ही कान धरून बाहेर येते.

"बघितलंस? ओरडतोय!" काका म्हणतात. "आणि हा नुसता अडॅप्टर. वायफायच्या डबीतून काय निघतं ते ह्या रेडिओला कळतसुद्धा नाही."

"मग तुम्हाला कसं कळतं, काका?"

यावर ते कपाळाला हात लावतात, डोळे मिटतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, "माका सोसणा नाय."

मी मूळचा गिरगावातल्या फणसवाडीचा. लालबागला राहायला आलो तेव्हा माझं मालवणी शून्य होतं, पण एवढे तीन शब्द मला परबकाकांनी पहिल्याच आठवड्यात पाठ करून दिले. एरवी ते माझ्याशी तुमच्याआमच्यासारखंच बोलतात. विजेचा विषय निघाला की मात्र मालवणीत शिरतात. आमची इमारत, 'समाधान', पाडलेल्या चाळीच्या जागी उभी राहिली. सात मजले, एक लिफ्ट आणि एक सेक्रेटरी, तो मी. तिसऱ्या मजल्यावर परबांच्या आणि माझ्या घरात एक भिंत आहे, आणि सेक्रेटरी या नात्याने त्यांच्या तक्रारी मला भिंतीतूनही ऐकू येतात.

बरं, हा माणूस कोण? तर आयुष्यभर गिरणीत वायरमन. गिरणी बंद पडल्यावर अर्ध्या लालबागच्या घरांत वायरिंग केलं ते यांनीच. ज्याने उघड्या वायरी दाताने सोलल्या, टेस्टर सापडला नाही तर बोटाच्या पाठीने करंट तपासला, त्याला म्हातारपणी दिव्याचं बटण सोसेना. म्हात्रे म्हणतात, "हलवायाला साखर झाली." म्हात्रे आमचे अध्यक्ष. ते पाचव्या मजल्यावर राहतात, म्हणून त्यांना हसू येतं.

परबांच्या दाराला विजेची बेल नाही. दोरीला बांधलेली पितळी घंटा आहे, देवळातल्यासारखी. दारावर पाटी आहे: 'मोबाइल बाहेर बंद करून पिशवीत ठेवावा. चपला नाही काढल्या तरी चालेल.' खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली. एकदा सत्यनारायणाला आम्ही अकरा जण आत कथा ऐकत बसलो होतो आणि पिशवी वाजायला लागली. कोणाचा फोन ते कळेना, म्हणून अकराही जण उठले. भटजीबुवा सर्वांच्या पुढे होते.

आत गेलं की नवा माणूस बिचकतोच. पलंग भिंतीपासून हातभर दूर, खोलीच्या मध्यावर, कारण भिंतीतून वायर जाते. झोपायच्या खोलीचा एमसीबीचा खटका वेगळा काढलेला, जेवणं आटपली की तो खाली पडलाच म्हणून समजा. चार्जर नुसता सॉकेटमध्ये राहिलेला दिसला तर काका त्याला विंचवासारखा चिमटीत धरून बाहेर काढतात. त्यांचा स्वतःचा मोबाइल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. घरात फोन म्हणजे तो वायरचा, जुना, वेटोळी वायर एवढी लांब की स्वयंपाकघरात आमटी ढवळतानाही बोलता यावं. मिक्सर आहे, पण त्याच्यावर कायम टॉवेल घातलेला.

या सगळ्यात आम्हाला दया यायची ती सुलभाकाकींची. काकी मुळातच अबोल. कपाळावर घट्ट रुमाल बांधलेला, चालणं मांजराच्या पावलांनी. मिक्सर घरात असून ही बाई पाट्यावर खोबरं वाटते, गॅसच्या उजेडात पोळ्या करते आणि चकार शब्द काढत नाही. वाटपाचा तो घसर-घसर आवाज रोज सकाळी आमच्या भिंतीतून यायचा आणि हेमा म्हणायची, "नवऱ्याच्या वेडापायी बिचारीचे हात झिजले. मी असते ना, तर माहेरी निघून गेले असते."

काकी जायच्याही. दरवर्षी गणपतीला कुडाळकडच्या भावाच्या घरी, दहा-बारा दिवस. काका मात्र मुंबईतच. कारण इमारतीच्या गणपतीची लायटिंग.

आता इथे मला जरा थांबायला हवं, कारण इथेच आम्ही सगळे त्यांना धरायचो. ज्याला माझ्या वायफायची डबी भिंतीपलीकडून टोचते, तो माणूस गणपतीत दिव्यांच्या माळा गळ्यात घालून शिडीवर चढतो! मांडवातली एकूण एक वायर त्यांच्या हातची. फिरतं चक्र, लुकलुकणारा मोर, बाप्पाच्या मागची प्रभावळ, सगळं त्यांचं.

"काय काका, आता सोसतं वाटतं?" म्हात्रे खालून ओरडायचे.

"बाप्पाचा करंट वेगळा," काका वरून सांगायचे. सगळा मांडव हसायचा. काकाही हसायचे.

गेल्या वर्षी मात्र प्रकरण हसण्यावारी जाईना. इमारतीत नवीन इंटरनेट यायचं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर पॅसेजमध्ये मोठा बॉक्स बसवावा लागेल. जागा दोनच. एक परबांच्या झोपायच्या खोलीची भिंत आणि दुसरी माझ्या. मी सेक्रेटरी. परबांची भिंत 'तांत्रिकदृष्ट्या अधिक योग्य' असल्याचा ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिला. तंत्रातलं मला काय कळतं? पण लिहिलं.

काकांनी दोन पानी अर्ज दिला. मग समक्ष आले. मग पुन्हा आले, या वेळी रेडिओ न घेता, आणि ते मला जरा विचित्र वाटलं.

"सेक्रेटरी, पलंग मी आता किती सरकवू? पलीकडे बाथरूम आहे."

"काका, सभेपुढे विषय ठेवू. गणपती होऊ देत. पुढच्या रविवारी सभा." आणि अर्जावर मी शेरा मारला, 'एका विक्षिप्त सभासदाचा आक्षेप'. त्यावेळी तो मला फार चपखल वाटला होता.

गणपती बसले. काकी गावी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी प्रसादाचा द्रोण घेऊन परबांकडे गेलो. दार उघडंच होतं. घंटा वाजवली, पण ती मलाच ऐकू आली नाही, कारण आत टीव्ही कोकलत होता. भर दुपारी दोन ट्यूब चालू. पंखा पाचवर. ओट्यावर मिक्सर घरघरत होता, आणि परबकाका एका हाताने त्याचं झाकण दाबून धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर बोलत होते, "हॅलो! अरे अंगणात ये, तुझा आवाज तुटता! ती जेवली काय? किती जेवली?"

मी दारातच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. चोर मुद्देमालासकट सापडला होता, रविवारच्या सभेचा निकाल माझ्या खिशात होता.

काकांनी मला पाहिलं. मिक्सर बंद केला, टीव्ही बंद केला. फोन मात्र "किती जेवली" याचं उत्तर मिळाल्यावरच ठेवला.

"सोसतंय की छान!" मी म्हणालो.

"मला काय होणार?" काका म्हणाले. "चाळीस वर्षं वायरी हाताळल्या. मला काही होत नाही रे." मग त्यांनी कोपऱ्यात उभा करून ठेवलेल्या पाट्याकडे मान हलवली. "त्रास तिला आहे."

मी द्रोण हातात घेऊन तसाच खुर्चीत बसलो.

"इथे येण्याआधी आम्ही दुसऱ्या वस्तीतल्या चाळीत होतो, खोली मीटरबोर्डाला लागून. तिचं डोकं दुखायचं, कानात घूं घूं व्हायचं, झोप नाही म्हणजे नाहीच. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, विजेमुळे होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण बाईंचं डोकं खरंच दुखतंय. म्हटलं, बस, मला तेवढं पुरे. पलंग फिरवला, एक लाइन तोडली. त्या दिवशी झोपली. विजेनं होतं की मनानं, ते मला नको. झोपली ना?"

"मग हे सगळं तुमच्या नावावर का?"

काकांनी मोबाइल डब्यात टाकून झाकण लावलं.

"तिनं एकदा बायकांना भिंतीला कान लावून दाखवलं. म्हणाली, इथे आवाज येतो. झालं! एक म्हणाली बाहेरची बाधा, दुसरी म्हणाली हिचं डोकं फिरलंय. कोणी अंगारा आणून दिला. आणि हळदीकुंकवाला बोलवायच्या बंद झाल्या. साऱ्या चाळीला आमंत्रण, आमचं दार वगळून. वर्षभर ती गॅलरीत आली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पुरुषमाणूस विक्षिप्त असला तर लोक हसतात आणि चहा पाजतात. बाई असली तर वेडी म्हणतात आणि दार लावून घेतात. म्हणून इथे आलो तेव्हा सामान चढवायच्या आधी मी रेडिओ घेऊन जिना चढलो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, माका सोसणा नाय."

आमच्या हेमाच्या हळदीकुंकवाला काकी दरवर्षी येतात. कोपऱ्यात बसतात, वाण घेतात, हसतात. मला ते आठवलं आणि माझा तो चपखल शेराही आठवला. मान वर करायची लाज वाटली.

"आणि हे?" काहीतरी विचारायचं म्हणून मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"ती गेली की लावतो सगळं. पहिल्या दिवशी मजा वाटते. दुसऱ्या दिवसापासून घर खायला उठतं. मग आवाज वाढवतो. पण पाट्याचा आवाज नसला की चैन पडत नाही बघ." त्यांनी मिक्सरमधली चटणी बोटावर घेऊन चाखली आणि तोंड वाकडं केलं. "छे. हिला चव नाही." दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "मी तुला सांगितलं हे तिला कळता कामा नये. तिला वाटतं कोणाला माहीत नाही."

रविवारी सभा भरली. गच्चीखालच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. म्हात्रेंनी बॉक्सचा विषय काढला. परबकाका रेडिओ घेऊन उठले, त्यांनी कपाळाला हात लावला, आणि ते तोंड उघडायच्या आत मागून चार-पाच जण एका सुरात म्हणाले, "माका सोसणा नाय!" हॉलमध्ये हशा फुटला. कोणीतरी ओरडलं, "काका, बाप्पाचा बॉक्स समजा!" काकाही हसले. पण मी पुढच्या रांगेत होतो. हसता हसता त्यांनी रेडिओ बंद करून खिशात घातला.

मी उठलो. "ठरावात दुरुस्ती आहे. बॉक्स माझ्या भिंतीवर बसेल."

"अहो, पण तुम्हीच लिहिलंय, तांत्रिकदृष्ट्या परबांची भिंत योग्य," म्हात्रे म्हणाले.

आता कारण काय सांगणार? खरं सांगायची सोय नव्हती. मग जे सुचलं ते बोललो, "बॉक्स माझ्या भिंतीवर असला की मला रेंज चांगली मिळेल."

मग हॉलमध्ये जो कालवा झाला तो विचारू नका. सेक्रेटरीने रेंज लाटली, पदाचा गैरवापर केला, आधीपासूनच याचा डाव होता. म्हात्रे तर आजही लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "काय, रेंज काय म्हणते?" हेमाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका रेडिओ घेऊन आले, आमच्या झोपायच्या खोलीत फिरले आणि न विचारता आमचा पलंग हातभर आत ओढून गेले. तो आता तिथेच आहे. रोज रात्री माझी करंगळी त्याच्या पायाला आपटते.

सभेनंतर दोन दिवसांनी काकी गावाहून आल्या. सकाळी भिंतीतून घसर-घसर सुरू झालं आणि थोड्या वेळाने त्या खाज्याचा पुडा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. कपाळावर रुमाल होता. मागे पॅसेजमध्ये काका, रेडिओ छातीशी धरून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही बॉक्स तुमच्याकडे घेतलात," काकी इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. "फार बरं झालं हो. ह्यांना फार त्रास होतो. बोलत नाहीत, पण होतो."

"ठाऊक आहे मला, काकी," मी म्हणालो. "काकांची प्रकृतीच नाजूक."

मागे काकांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की काकींनी वळून पाहिलं.

"आता लागेल त्यांना शांत झोप," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्हाला, काकी? तुमची झोप कशी आहे?"

मी हे का विचारलं कोण जाणे. काकींनी कपाळावरच्या रुमालाची गाठ सोडली, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि ती कमरेला खोचली.

"मला?" त्या हसून म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"