वैजयंतामावशींची वाकळ

क्षमा करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! रविवारी चर्चमधून परतताना केबिन रोडवर मी बायकोला तसं ठणकावून सांगितलंसुद्धा. "मनोरमा, पाळकसाहेब म्हणाले ना, शेजाऱ्याशी समेट करा? आजच करतो!"

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

पण मला दम कुठला! आमच्या वरच्या मजल्यावर वैजयंतामावशी राहतात, मूळच्या परभणीच्या. त्यांच्या कुंड्यांचं चिखलपाणी माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर पडायचं, म्हणून आमचं बोलणंच बंद होतं. मी तडक वर गेलो, बेल वाजवली आणि चेहऱ्यावर मावेल तेवढी प्रीती आणून म्हणालो, "मावशी, मी तुम्हाला क्षमा केलीय!"

"कामून? म्या काय केलं?"

"ते... शर्ट..."

"अन् तू उन्हाळ्यापासून तोंड फिरवून जिना उतरतो गुणवंता, त्याचं काय?"

धाडकन दार बंद!

"क्षमा मागायला गेला होतात की वाटायला?" मनोरमेनं पोळी वाढत विचारलं.

मग ठरवलं, आता बोलायचं नाही, करायचं! मावशींचे गुडघे दुखतात. त्यांच्या दाराबाहेरची कचऱ्याची पिशवी रोज सकाळी गुपचूप घंटागाडीत टाकायची. सुरुवात झकास झाली. हातात कचरा, पण चाल सत्काराचा नारळ घेऊन निघाल्यासारखी!

गुरुवारी पिशवी जरा जड लागली. टाकून वर आलो, ऑफिसला जायला एक बूट चढवला, तोच वरून हंबरडा, "माझ्या मायचे लुगडे कोन नेले रं!"

मावशींच्या लेकीला, निशाला, दिवस गेलेत. येणाऱ्या बाळासाठी मावशी आपल्या वारलेल्या आईच्या लुगड्यांची वाकळ शिवणार होत्या. फरशी पुसताना ती पिशवी त्यांनी घटकाभर दाराबाहेर ठेवली होती. एव्हाना अख्खी बिल्डिंग जिन्यात जमली होती. "चोर! कॅमेरा बघा! पोलीस बोलवा!"

क्षणभर वाटलं, गप्प राहावं. पण मावशी पायरीवर बसून नुसत्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या.

"मावशी, मी नेली," मी म्हणालो. "कचरा समजून."

कुणी काही बोलायच्या आत मी पळत सुटलो. एका पायात बूट, एका पायात चप्पल! काशीमीऱ्याकडे निघालेली घंटागाडी सिग्नलला गाठली.

"अंकल, क्या गिर गया?" ड्रायव्हरनं विचारलं.

"माँ की साड़ियाँ!"

"आपकी माँ की?"

"हाँ भाई, मेरी ही समझो!" म्हणत मी मागून वर चढलो.

परत आलो तेव्हा जिन्यातल्या गर्दीनं मला वाट करून दिली. आदरानं नव्हे, वासानं! मावशींनी पिशवीची गाठ सोडली. लुगडी कोरडी होती. कितीतरी वेळ त्या नुसत्या काठांवरून हात फिरवत राहिल्या.

"चुकलो मावशी," मी म्हणालो. "आणि ते तोंड फिरवणं, तेही चुकलंच."

त्यांनी माझ्या खांद्यावरचं केळ्याचं साल हळूच उचललं. "पैले आंघोळ कर लेकरा. मंग चहाला ये."

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून लुगडी धुतली. पुढच्या रविवारी चर्चहून आलो तो थेट मावशींकडेच. जमिनीवर मांडी ठोकून मी वाकळेचा एक कोपरा शिवायला घेतला. मावशी आईच्या गोष्टी सांगत होत्या, मनोरमा सुईत दोरा ओवत होती.

"काय बारीक टाका घालतो रं!" मावशी म्हणाल्या.

मी असा फुललो! आतून चहाचा वास आला, म्हणून ऐटीत उठलो, आणि माझ्यामागोमाग वाकळही उठली! तो सगळा बारीक टाका मी माझ्या पायजम्यासकट घातला होता.

मावशी हसून हसून डोळे पुसत उसवायला बसल्या. तोवर मला जागचं हलता येईना. चहासुद्धा मनोरमेनं बशीत ओतून पाजला.