सध्या कोणी नाही, चहा घेऊन जा

दिगांबर कोणालाच रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. त्याच्याकडे पेन मागा, नसलं तर तो खिशातून मूठभर फुटाणे काढून हातावर ठेवतो. पत्ता विचारा, माहीत नसला तर फुटाणे. एकदा चौकात पोलिसाने लायसन्स मागितलं. ते घरी राहिलं होतं. पुढचं मी सांगत नाही, पण पोलीस हसला म्हणे.

अमरावतीत माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. तिथलं कम्प्युटरचं सगळं दिगांबर बघतो. वलगावचा, चाळिशीला टेकलेला, एकटा राहणारा अवलिया माणूस. त्याने डेटाबेसच्या आत ‘प्रोसिजर’ लिहून साठवल्या आहेत. म्हणजे मी मुलाची माहिती आणि अटी भरायच्या, बटण दाबायचं, की प्रोसिजर आतल्या साऱ्या मुली धुंडाळून जुळणाऱ्यांची यादी आणते: नाव, वय, शिक्षण, गाव. कोणीच जुळलं नाही तर साऱ्या दुनियेत पडदा कोरा येतो. पण ही प्रोसिजर पडली दिगांबरची. ती आपल्या मनाने एक ओळ बनवून पाठवते. नाव: सध्या कोणी नाही. वय: जाऊ द्या. शिक्षण: धीर धरा. गाव: चहा घेऊन जा.

मला बाईला याचा पत्ताच नव्हता. अकोटचे एक गृहस्थ शेती करणाऱ्या मुलासाठी स्थळ बघायला आले. मी बटण दाबलं, निघालेला कागद न वाचताच त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, “साखर कमी टाका.”

मग काय! अकोटच्या एसटीतून उतरून लोक थेट चहालाच येऊ लागले. माझं केंद्र आहे की टपरी, मलाच कळेना. दिगांबरला झापलं तर म्हणे, लोक हसत तर जातात ना, काकू.

शेवटी पुण्यात नोकरी करणारा एक इंजिनिअर आला. मुलगी गोरी हवी, उंच हवी, कमावती हवी, वर पुरणपोळी करणारीही हवी. अटी फार झाल्या की प्रोसिजर ओळही बदलते; त्याला आली ती अशी. नाव: एवढ्या अटीत कोणी बसत नाही. वय: तुमचं पाहा. शिक्षण: कमी पडलं. गाव: फुटाणे घेऊन जा. तो तणतणत गेला आणि माझं डोकं फिरलं.

शनिवार होता. शनिवारी केंद्र बंद करायच्या वेळी दिगांबर माझ्या खुर्चीत बसून ‘टेस्टिंग’ करतो. मी सरळ सांगितलं, ही ओळ काढ, नाही तर सोमवारपासून येऊ नको. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. मुलाच्या नावाच्या जागी त्याचंच नाव होतं. गाव वलगाव. अटी: काहीच नाही. त्याने बटण दाबलं. सध्या कोणी नाही, जाऊ द्या, धीर धरा, चहा घेऊन जा.

“पयले इथं कोरा पडदा येत होता, काकू,” तो म्हणाला. “दर शनिवारी कोराच. कोणी नाही हे सांगाले बी कोणी नाही. मंग मीच लिहून ठेवलं. काढून टाकतो आता.”

जिल्हाभराची लग्नं जमवणारी मी, आणि मला वाटायचं, पोरगं टेस्टिंग करून राहिलं. ओळ राहू दे, म्हटलं. पण ज्याच्या त्याच्या नावापुढे काय लिहायचं ते मी ठरवणार, तेवढी सोय करून दे. त्याने ती करून दिली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा बसला. बटण दाबलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

“काकू, यात काही तरी चुकलं. हे मी नाही लिहिलं.”

पडद्यावर होतं, नाव: मी शोधून राहिली. वय: काही झालं नाही तुझं. शिक्षण: फुटाण्यानं पोट भरत नाही. गाव: उद्या घरी जेवायला ये.

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. खिशात हात घातला, होते नव्हते तेवढे फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि हळूच विचारलं,

“पातोड्याची भाजी करता का, काकू?”