ऐरणीवरचा हात

तिएकोरोच्या मुलीचं, न्येलेचं, लग्न पक्कं करणाऱ्या कोलाच्या बिया वाटून झाल्या, लोकांनी त्या चघळून थुंकूनही टाकल्या, आणि मग वरपक्षाला प्रश्न सुचला. नवरदेवाचा काका बुरामा बालो चहाचा तिसरा पेला संपवत म्हणाला, "तिएकोरोभाऊ, तुमचं फाने घराणं मूळ कुठल्या भट्टीचं? घरचे म्हातारे विचारतायत."

तिएकोरोला घाम फुटला. लोहाराची मुलगी लोहाराच्याच घरात द्यायची, हे ठरलेलं. पण तो स्वतः जन्मभर सेगूच्या बाजारात बादल्या विकत बसलेला. घण हातात दिला तर स्वतःच्याच पायावर पाडेल, अशी त्याची ख्याती होती. पणजोबा झांके मोठे लोहार होते आणि झानाबुगूला त्यांची भट्टी होती, एवढंच त्याने बापाकडून ऐकलं होतं. बाप गेला, आत्या गेली, आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्यात न्येलेचं एक लग्न आधीच ठरून मोडलेलं. तेव्हापासून ती चुलीपाशी गायची थांबली होती. गेल्या काही दिवसांत पुन्हा गुणगुणायला लागली होती, आणि ते ऐकायला तिएकोरो उगाचच चुलीपाशी घुटमळायचा.

"झानाबुगूलाच जाऊ ना! तुम्हीही चला, स्वतःच्या कानांनी ऐका," तो फुशारकीत बोलून गेला.

झानाबुगूत धूळ होती, मोडक्या कुडांची घरं होती आणि त्यात म्हातारी माणसं मरणाची वाट बघत बसली होती. भट्टीचं छप्पर कधीच कोसळलेलं. जमिनीत रुतलेली ऐरण तेवढी शिल्लक होती. झांकेबद्दल विचारल्यावर एका बाईने कबरस्तानाकडे बोट दाखवलं. "ज्यांना ठाऊक होतं ते सगळे तिकडे. इकडे एकटा योरो सांगारे उरलाय."

सांगारे म्हणजे फुलानी, गुरं राखणारे. फुलानी आणि लोहार यांचं नातं पिढीजात थट्टेचं. भेटले की एकमेकांचा उद्धार करायचा, कुणी रागवायचं नाही, आणि आपसात सोयरीक कधीही करायची नाही. अशा माणसाकडून सरळ उत्तर मिळवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं.

"कोण रे?" योरोने चटईवरूनच विचारलं.

"तिएकोरो फाने. लोहार."

"तरीच सकाळपासून गाय दूध देईना! बस, कोळशाच्या पोत्या."

"बसतो की. आधी तुझ्या माश्या हाकल, शेणातल्या किड्या!"

सुरुवात अगदी रीतसर झाली. बुरामाने खूश होऊन मान डोलावली.

"म्हाताऱ्या, माझा पणजोबा झांके आठवतो का? काय ऐकलंयस त्याच्याबद्दल?"

"ऐकलंय की! तो कसला लोहार? आमच्यातलाच एक रडतराऊत गुराखी. लुटारू आले, गुरं नेली, माणसं दोराला बांधली. हे पोर लोहाराच्या भात्यामागे जाऊन लपलं. लोहाराला तेव्हा कुणी गुलाम करत नसत. मग लोहारानं याच्या तोंडाला काजळी फासली अन् म्हणाला, हा माझा मुलगा. ती काजळी तुम्ही लोकांनी अजून धुतली नाही!"

बुरामा मांडीवर थाप मारून हसला. तिएकोरोही हसला.

"आता खरं सांग. कुणाचा मुलगा तो?"

"माझ्या आजोबाचा धाकटा भाऊ. घण उलटा धरायचा म्हणे. म्हणजे तू झालास माझा पुतण्या. ऊठ, गुरांना पाणी दाखव."

उलट्या घणाचं ऐकून बुरामाने एकदा तिएकोरोच्या हातांकडे पाहिलं. या वेळी तो जरा कमी हसला. तिएकोरोने खोदून खोदून विचारलं, आणि दर उत्तरागणिक बुरामाचं हसू आटत गेलं. शेवटी तिएकोरोचा तोल सुटला.

"असं नाही ऐकायचा हा! चल, ऐरणीवर हात ठेव आणि मग बोल!"

ऐरणीवर हात ठेवून खोटं बोलणारा वर्ष काढत नाही, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक होतं. योरोचा चेहरा उतरला.

"नको. थट्टेतलं थट्टेतच राहू दे. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"घाबरला! बघा, कसा घाबरला!" तिएकोरो इतक्या जोरात ओरडला की अर्धं गाव गोळा झालं.

योरो काठी टेकत उठला. भट्टीपाशी गेला, वाकला, ऐरणीवर हात ठेवला. "झांके माझ्या आजोबाचा सख्खा भाऊ. तिएकोरो माझा पुतण्या."

पुढे त्याने एकही शिवी जोडली नाही.

तिएकोरोला एकदम न्येलेचं गुणगुणणं आठवलं. आपण आपल्या हाताने, गाव जमवून, ते बंद केलं.

बुरामाने ऐरणीकडे पाहिलं, मग तिएकोरोकडे. आणि तो खदाखदा हसायला लागला. "फुलानी लोहारासमोर खरं बोलणार? आणि तेही ऐरणीवर? जन्मात असली थट्टा ऐकली नाही! अरे हसा की लेकहो!" गाव हसलं. "झानाबुगूची भट्टी. बघितली, खात्री झाली. निघायचं?"

जाता जाता तो तिएकोरोच्या कानाशी लागला. हसण्याचा मागमूसही आता नव्हता. "चघळलेला कोला परत देता येत नाही, भाऊ. तुम्हीही हसत राहा." मग तो गाडीत जाऊन बसला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

लग्न वाचलं होतं. तरी तिएकोरोचा पाय निघेना. योरोने एकदा तोंडभर शिवी दिली असती, तर सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं असतं. त्याने वळून उसन्या अवसानाने हाक मारली, "येतो रे, शेणातल्या किड्या!"

योरो दुधाने भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन हळूहळू त्याच्यापाशी आला. तुंबा त्याच्या हातात दिला आणि हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"जपून जा, बाळा," तो म्हणाला. "आणि काकाला असं बोलू नये."