मोहिनीच्या वाफ्यातलं तण

शनिवारी सकाळी मोहिनी डबा घरीच विसरून गेली आणि तिचे वडील तो घेऊन शाळेत गेले, इथवर कोणाचीच काही चूक नव्हती.

रूपराव भोयर हे सेलूजवळच्या खेड्यातले शेतकरी. तालुक्यात त्यांचं नाव होतं ते पिकापेक्षा निंदणासाठी. त्यांच्या शेतात एखादी गवताची काडी दिसली, तर पाहणाऱ्याला आपण चुकीच्या धुऱ्यावर, भलत्याच बांधावर आलो की काय असं वाटायचं. दुसऱ्याच्या वावरातलं तणही त्यांना बघवत नसे. एसटीच्या खिडकीतून ते अनोळखी शेतांना नावं ठेवत.

मोहिनी सिस्टरांच्या कॉन्व्हेंटात नववीत होती. रूपरावांनी ऑफिसात डबा दिला आणि जवळच्या वाटेने निघावं म्हणून ते शाळेच्या मागून वळले. तिथे निसर्ग मंडळाची बाग होती. मेथीचा वाफा नीट, वांग्याचा वाफा त्याहून नीट. आणि शेवटच्या वाफ्यात नुसतं रान माजलेलं! तरोटा, केना, आघाडा, लव्हाळा, मधोमध गुडघाभर गाजरगवत. त्या रानातून एक पाटी डोकावत होती. पाटीवरच्या पहिल्या दोन ओळी बारीक इंग्रजीत होत्या. त्या सोडून रूपरावांनी खालची मोठी ओळ वाचली: मोहिनी रूपराव भोयर.

त्यांचे कान तापले. पोरीचं नाव, त्यात आपलं नाव, त्यात आडनाव, आणि भोवती गाजरगवत! सेलूच्या बाजारातलं कोणी आपल्या पोराला सोडायला आलं आणि त्याने हे पाहिलं तर?

मुलं वर्गात होती. रूपरावांनी बाह्या सारल्या. प्रत्येक रोपाजवळ आइस्क्रीमची एकेक काडी खोचलेली होती. "पोट्टे कुठंबी कचरा करते," असं पुटपुटत त्यांनी आधी त्या काड्या काढून फेकल्या. मग मुळासकट एकेक झाड उपटलं, माती झटकली, ढेकळं फोडली. वाफा कसा तळहातासारखा झाला. उपटलेलं सगळं कुंपणाबाहेर टाकलं, तर तिथल्या बकऱ्यांनी गाजरगवत तेवढं सोडून बाकी सगळं रूपराव परत फिरायच्या आत संपवलं. पोरीला कळूही न देता केलेल्या या कामाने रूपराव इतके खूश झाले, की घरी येताना त्यांनी पावभर जिलेबी घेतली.

संध्याकाळी मोहिनी घरी आली तीच रडत.

"काय झालं वो?" तिची आई कोकिळा चुलीपुढून उठली.

"माह्यं तण चोरीले गेलं."

"काय गेलं?"

"तण, आई! जूनपासून जमवलं होतं. कोणतं खाता येते, कोणतं ढोरं खात नाई, सगळ्यायची नावं काड्यांवर लिहून लावली होती. सोमवारी नागपूरहून फादर येऊन राह्यले मंडळं पाहाले. अन् वाफ्यात काईच नाई!"

कोकिळाबाईंना हसू आवरेना. "अवो, ऐकलं का? तण कोन चोरते बाप्पा?"

रूपरावांच्या तोंडात जिलेबी होती. ती आत जाईना आणि बाहेर येईना.

सांगून टाकावं असं त्यांनी ठरवलंच होतं, पण तेवढ्यात मोहिनी डोळे पुसत म्हणाली, "अन् बाबा, तुमी मदत कराले नका येऊ. घरच्यायचा हात लागला का नाव कटते. मंग गॅदरिंगमध्ये पण घेत नाई."

हा नियम रूपरावांना चांगला माहीत होता. एक विद्यार्थी, एक मंडळ, आणि काम ज्याचं त्याने करायचं. गेल्या वर्षी मोहिनी विज्ञान मंडळात होती, तेव्हा तिची पवनचक्की रूपरावांनी बनवली होती. इतकी सुरेख बनवली, की पाहताक्षणी पकडले गेले. वर्षभर दर शनिवारी बाकीची मुलं आपापल्या मंडळात जात आणि मोहिनी व्हरांड्यात बसून राही.

म्हणजे कबूल करावं तर पोरीचं नाव जातं, आणि गप्प बसावं तर वाफा रिकामा. रात्रभर कूस बदलून रूपरावांनी मार्ग काढला. तण गेलं, तर तण परत लावायचं.

रविवारी उजाडताच ते शेतात गेले. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत फिरले. तण नव्हतं. इतक्या वर्षांत आपल्याच शेताचा त्यांना पहिल्यांदा राग आला.

शेजारी प्रेमदासचं वावर होतं. तिथे सगळं होतं. तिथल्या तणावरून रूपरावांनी प्रेमदासला चारचौघांत कितीदा ऐकवलं होतं, त्याची मोजदाद नव्हती.

"प्रेमदास," ते खाली बघत म्हणाले, "थोडं तण पाह्यजे होतं."

"सकाळी सकाळी टोमणे काऊन मारून राह्यले भाऊ?"

"टोमणा नाई रे. खरंच पाह्यजे. मुळासकट."

प्रेमदासने त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही हे कळल्यावर तो धुऱ्यावर ऐसपैस बसला. "घ्या ना मंग. आपल्याच घरचं समजा. तो तरोटा पाहा कसा भरला हाय! अन् ते गाजरगवत घेजा, तसं अख्ख्या शिवारात नाई भेटणार." रूपराव खाली वाकून रोपं काढत होते, आणि प्रेमदास रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "रूपरावभाऊ आपल्या इथून तण घेऊन चालले!"

चर्च शाळेच्याच आवारात होतं, त्यामुळे रविवारी फाटक उघडं असे. आतून गाण्याचा आवाज येत होता. प्रार्थना संपायच्या आत काम उरकायचं, म्हणून रूपराव घाईने वाफ्यात उकिडवे बसले. पण हात शेतकऱ्याचे. रोपं आपसूक सरळ ओळीत, सारख्या अंतरावर लागत गेली. गाजरगवताला त्यांनी आळंसुद्धा केलं.

"रूपरावजी?"

मागे मुख्याध्यापिका सिस्टर लिसी उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे चर्चमधून निघालेली सगळी मंडळी, रविवारच्या कपड्यांत. मूळच्या केरळच्या सिस्टर इकडे राहून मराठी चांगलं बोलत, पण या क्षणी त्या हिंदीवर आल्या. "ये आप क्या लगा रहे हैं?"

"गाजरगवत, सिस्टर."

"क्यों?"

चिखलाचे हात जोडून रूपरावांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांची नजर सिस्टरांच्या चपलांवरून वर गेली नाही. "रूल मी मोडला. सजा मले द्या जी. पोरीचं नाव नका कापू. तिले तं मालूमबी नाई."

सिस्टरांनी वाफ्यातल्या सरळ ओळी पाहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, "नियमात लिहिलंय, घरच्यांनी मदत केली तर नाव कमी करायचं. शनिवारी तुम्ही जे केलं, ती मदत होती?"

"नाई जी."

"मग तिचं नाव राहील. पण आत्ता जे करताय, ती मदत आहे. उपटा."

रूपरावांनी सगळ्यांसमोर एकेक रोप पुन्हा उपटलं. मंडळीतलं एक लहान पोर मोठ्याने हसलं, तेव्हा त्याच्या आईने त्याला गप्प केलं, आणि ते गप्प करणंच रूपरावांना जास्त लागलं.

"घरी जाऊन मोहिनीला स्वतः सांगा," सिस्टर म्हणाल्या. "आणि उद्या इथे या. पाहुण्यांना काय सांगायचं ते ती ठरवेल."

घरी त्यांनी सांगितलं. मोहिनी रडली नाही, ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, "बाबा, पवनचक्की तुमी बनवली. आता मले तण तरी वाढवू द्याचं होतं."

रूपराव त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवारी नागपूरचे फादर मेथीचं, वांग्यांचं कौतुक करत शेवटच्या वाफ्यापाशी आले. मोहिनी रिकाम्या मातीजवळ ताठ उभी होती.

"फादर, या वाफ्यात आमच्या भागातलं तण होतं," ती शाळेतल्या मराठीत म्हणाली. "एका शेतकऱ्याने ते निंदून टाकलं. हे माझे बाबा."

सगळ्या माना वळल्या. रूपरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"का हो काढलं?" फादरांनी विचारलं.

"पोरीचं नाव वाचलं जी. वरचं वाचलं नाई."

"चष्मा नव्हता का?"

रूपरावांना हो म्हणता आलं असतं. "खिशात होता," ते म्हणाले.

मुलं हसली, मंडळाच्या मॅडम हसल्या, फादरही हसले. मोहिनी हसली नाही. मग तिने कोणत्या जागी कोणतं रोप होतं, ते मातीकडे बोट दाखवत सगळं तोंडपाठ सांगितलं, आणि फादर शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. बक्षीस मात्र वांग्यांना मिळालं.

संध्याकाळी मोटारसायकलवर दोघं घरी निघाले. मग मागून मोहिनी म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी गायन मंडळात जातो."

"काऊन वो?"

"तुमाले गाता येत नाई म्हणून."

लग्नाआधी रूपराव गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत आणि वरच्या पट्टीत गातही असत. त्यांचं भजन ऐकायला पार सिंदीहून माणसं येत. ते सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं. समोर खड्डा होता. त्यांनी गाडी हळू केली, खड्डा सांभाळून पार केला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "गाण्यातलं मले काईच समजत नाई."