पाणीखात्याचा माणूस पळतो तेव्हा

पाणीपुरवठा कार्यालयातले तक्रारसाहेब पन्नाशीला आल्यावर पळायला लागले, ते तब्येतीसाठी नव्हे. डॉक्टरांनी तर त्यांना जिनासुद्धा जपून चढायला सांगितलं होतं. साहेबांचं दुखणं कानांचं होतं. दिवसभर खिडकीत बसून ते लोकांच्या तक्रारी ऐकत. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, नळातून नुसती हवा येते आणि ती शिट्टी वाजवते. एकदा एका बाईंची तक्रार इतकी रंगली की मधे जेवणाची सुट्टी झाली, साहेब जेवून, हात धुऊन परत आले, आणि बाई तोवर टेबलालाच सांगत होत्या.

घरी बायको, सासूबाई आणि मुक्कामाला आलेल्या दोन मेहुण्या. चौघी एकाच वेळी बोलायच्या. त्यांना उत्तर नको असायचं, पण कुणीतरी ऐकतंय याची खात्री हवी असायची.

पळत्या माणसाला अडवून कुणी बोलत नाही, असं साहेबांच्या एके दिवशी लक्षात आलं आणि त्यांनी बूट आणले. बायकोनं फक्त विचारलं, "कोण मागे लागलंय?"

आधी ते बागेत पळाले. तिथे पळणारी मंडळी गप्पा मारण्यासाठीच पळत होती. मग मोठ्या रस्त्यानं पळाले. तिथे ओळखीच्या तक्रारदारांनी बरोबरीनं पळत तक्रारी सांगितल्या. शेवटी त्यांना हवा तसा रस्ता सापडला. धरणापासून निघायचं, कालव्याच्या कडेच्या पायवाटेनं गवतातून, बदकांच्या सोबतीनं खाली यायचं, गिरणीचं गाव ओलांडायचं, मग टेकडीखालचं गाव, आणि वळसा घालून घरी. दोन्ही गावं अशी शांत, की तिथल्या कोंबड्यासुद्धा रस्ता सावकाश ओलांडत. साहेबांनी मनाशी ठरवलं, हा एक तास आपला. एक शब्द बोलायचा नाही, एक ऐकायचा नाही.

सगळं ठरवलं, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. त्या गावांमध्ये कारणाशिवाय कधी कुणी पळालेलं नव्हतं. आणि वरच्या धरणाला भेग पडली आहे, ही बातमी तिथे पिढ्यान्‌पिढ्या ताजी होती.

पहिल्याच सकाळी गिरणीवाली काकू दारात उभी राहून पदराचं पीठ झटकत होती. धरणाकडून पाणीखात्याचे साहेब पळत येताना तिला दिसले. त्यांच्या खिडकीसमोर ती इतक्यांदा उभी राहिली होती, की तिनं त्यांना धुक्यातही ओळखलं असतं.

"साहेब, तुम्ही इकडे? काय झालं?"

साहेबांनी व्रत मोडलं नाही. एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हातानं पुढची वाट दाखवली आणि ते निघून गेले.

काकूनं गिरणी बंद केली. गिरणी सकाळची कधी बंद नसे. त्या शांततेनं अख्खं गाव दचकून दारात आलं. समोरचा सुतार हातात रंधा घेऊनच धावला.

"गिरणी का बंद?"

"पाणीखात्याचे साहेब पळाले. धरणाकडून आले. चड्डीवर."

"चड्डीवर?"

"पँट घालायलासुद्धा थांबले नाहीत."

"काही बोलले?"

"बोलू नका म्हणाले. आणि पुढे चला म्हणाले."

सुतारानं रंधा खाली ठेवला आणि आजीला खुर्चीसकट उचललं. आजीनं ती खुर्ची सोडल्याला इतका काळ लोटला होता, की खुर्ची कुठली आणि आजी कुठली, हे घरच्यांनाही नीट सांगता येत नसे. कुणी गाद्या घेतल्या, कुणी शेळ्या. एकानं घराचं दारच काढून खांद्यावर टाकलं. वाहून जायचंच असेल तर घर जाऊ दे, दार नवं होतं. सगळे साहेबांमागे निघाले, कारण पाण्यातून वाट कुठली हे पाणीखात्याच्या माणसाला नाही तर कुणाला कळणार?

मागे पावलं वाजली तसं साहेबांनी वळून पाहिलं. काकू दिसली, सुतार दिसला, आणि आजवर आपल्या खिडकीसमोर उभा राहिलेला एकूण एक माणूस दिसला. आपला रस्ता यांना सापडला. साठलेल्या सगळ्या तक्रारी घेऊन आलेत, आता सोडत नाहीत.

त्यांनी वेग वाढवला.

साहेबांनी वेग वाढवला म्हणजे पाणी जवळ आलं, असं म्हणून गावानंही वाढवला. गाव वेगात येतंय म्हणून साहेब आणखी जोरात सुटले. टेकडीखालच्या गावात शिरताच त्यांना वाटलं, गाद्या आणि शेळ्या घेऊन चढण कुणी चढणार नाही, म्हणून ते रस्ता सोडून टेकडीकडे वळले. त्या गावानं पाहिलं, पाणीखात्याचा माणूस उंचावर चाललाय. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. सुतार अर्ध्या चढावर दमला, तशी आजी खुर्चीतून उतरली, त्याला बाजूला सरकवलं आणि साहेबांना मागे टाकून माथ्यावर पहिली पोचली.

साहेब पोचले आणि गवतात आडवे झाले. दोन्ही गावं त्यांच्याभोवती जमली. डोळे मिटूनच, सवयीनं ते म्हणाले, "एकेकानं बोला. पाणी उद्या येईल."

मग आजी म्हणाली, "ह्यांच्या ऑफिसचा उद्या ना? मग गाद्या खाली न्या. हा सुतार रांगत होता तेव्हापासून माझ्या नळाला उद्या पाणी येतंय."

खाली कालवा उन्हात चमकत होता आणि बदकं जागच्या जागी होती. धरणही होतं तिथेच होतं. सुतारानं सगळं पाहून घेतलं. "साहेब, मग पळत कशाला होता?"

"तुम्ही मागे लागलात म्हणून."

"आणि आम्ही लागायच्या आधी?"

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेब उठून बसले. दिवसभर लोकांचं ऐकतो, घरी चौघींचं ऐकतो, एक तास कुणी काही बोलू नये एवढ्यासाठी पळत होतो, असं त्यांनी गवताकडे बघत सांगितलं. दार खांद्यावर असलेल्या माणसाकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. हा रस्ता गेला, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"एवढंच होय," काकू म्हणाली. "मग आधी सांगायचं ना. आम्ही नाही बोलणार."

दोन्ही गावांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावं शब्दाला जागली. साहेब दिसले की गिरणी बंद. रंधा हवेतल्या हवेत थांबे. कुत्र्यांच्या तोंडात भाकरीचा तुकडा, रडकी मुलं आतल्या खोलीत. माणसं दारात ओठ मिटून उभी, आणि सगळ्यांचे डोळे साहेबांवर. साहेबांना स्वतःचे बूट ऐकू येत, मग श्वास, मग गुडघा. असं आठवडाभर चाललं. त्या शांततेएवढं मोठ्यानं तर मेहुण्यासुद्धा बोलत नव्हत्या.

शेवटी एका सकाळी ते सुताराच्या दारात थांबले. अंगणात आजी खुर्चीत बसली होती. शेजारच्या नळाखाली कोरडी बादली होती.

"आजी, नळाला पाणी येतं का?"

आजीनं सुताराकडे पाहिलं. सुतारानं काकूकडे. काकूनं मान हलवली, नाही म्हणजे नाही.

"अहो, मीच विचारतोय. सांगा काहीतरी. हवं तर रागवा."

कुणी हूं की चूं केलं नाही. साहेबांनी हात जोडले.

"आजी, एक तास आहे माझ्याकडे. मधे थांबवणार नाही."

आजीनं जरा विचार केला. मग बादली पालथी केली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "एक तासात माझं लग्नापर्यंतच होईल. नळ उद्या."